पब्लिक हिरो

संघातला सगळ्यांत चांगला खेळाडू कोण, हे प्रेक्षकांना विचारूच नये असं मानणाऱ्यांकडे पुरावे भक्कम आहेत. त्यांतला सगळ्यांत गमतीदार पुरावा १९५७ सालचा, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातला. बेसबॉलमध्ये दर उन्हाळ्यात दोन लीगमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होतो. त्या वर्षी पिचर सोडून बाकीच्या आठ जागा लोकांच्या मतांवर भरायच्या होत्या. सिनसिनाटीच्या एका वर्तमानपत्राने आपल्याच खेळाडूंच्या नावांवर खुणा केलेल्या मतपत्रिका छापून घरोघर पोचवल्या. वाचकाने फक्त पाकिटात घालून पाठवायच्या. बारमध्ये मतपत्रिका भरल्याशिवाय ग्लास पुढे येत नसे, असंही सांगतात. निकाल लागला तेव्हा नॅशनल लीगच्या आठांपैकी सात जण सिनसिनाटीचे. आठवा सेंट लुईसचा स्टॅन म्युझियल, तो एकटाच काय तो वाचला. आणि बाहेर कोण राहिले? विली मेझ आणि हँक आरन! म्हणजे आपल्याकडे भारताचा संघ निवडावा आणि गावसकर-विश्वनाथ दोघेही घरी बसावेत. शेवटी बेसबॉलचे कमिशनर फोर्ड फ्रिक मध्ये पडले. त्यांनी सिनसिनाटीच्या दोघांना काढून मेझ आणि आरनला घेतलं आणि पुढच्या वर्षीपासून लोकांचा मताचा हक्कच काढून घेतला. तो परत मिळायला १९७० साल उजाडलं.

मला या गोष्टीत सिनसिनाटीकरांचा राग येत नाही. त्यांना विचारलं होतं लीगमधले उत्तम खेळाडू कोण, आणि त्यांनी उत्तर दिलं आमचे कोण. चुकीच्या प्रश्नपत्रिकेवर बरोबर उत्तर लिहिलं म्हणा ना. आपल्या माणसांची बाजू घेणं हा चाहत्याचा धर्मच आहे, त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं तर तो तिथेही घोषणाच देणार.

पण मत आपल्याच संघातल्या खेळाडूंपुरतं असेल तर? वर्ष संपत आलं की क्लब आपल्या चाहत्यांना विचारतात, यंदाचा आपला सर्वोत्तम खेळाडू निवडा. तिथे सगळेच आपले, तेव्हा सिनसिनाटीचा रोग तिथे व्हायला नको. होत नाही, पण त्याचे चुलतभाऊ येतात. मोठ्या नावाला मत जातं, कालच्या सामन्यात चमकला त्याला जातं, गोल आणि धावा करणाऱ्याला जातं, आपल्या गावच्याला जातं. कधीकधी तर निव्वळ थट्टेला जातं.

थट्टेचं उदाहरण आइस हॉकीतलं आहे. २०१६ साली तिथल्या ऑल-स्टार सामन्यासाठी लोकांनी जॉन स्कॉट नावाच्या खेळाडूला मतं दिली. हा गडी गोल करण्यासाठी प्रसिद्ध नव्हता. प्रतिस्पर्ध्यांना धाकात ठेवणं आणि वेळ पडली तर ठोसे लगावणं, हे त्याचं संघातलं काम. लोकांना वाटलं, याला नाजूक कसबी खेळाडूंच्या मेळाव्यात पाठवू, मजा येईल. तो निवडून आला, कर्णधारही झाला. मधल्या काळात त्याच्या संघाने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं आणि त्या संघाने त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं. तरी तो त्या सामन्यात उतरला, दोन गोल केले, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून लोकांनी पुन्हा त्यालाच निवडलं. या खेपेला मात्र कुणी थट्टा करत नव्हतं. त्याच लोकांनी, त्याच खेळाडूला, थोड्याच आठवड्यांच्या अंतराने दोनदा मत दिलं, पहिल्यांदा न पाहता आणि दुसऱ्यांदा पाहून. या दोन मतांमध्ये जो फरक आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो.

फुटबॉलमध्ये असाच घोळ २००० साली झाला. शतकातला सर्वोत्तम खेळाडू कोण, हे फिफाने इंटरनेटवर लोकांना विचारलं. मॅराडोनाला ५३ टक्क्यांहून जास्त मतं पडली, पेलेला जेमतेम १८. इंटरनेटवर त्या काळी होती ती तरुण मंडळी, त्यांनी मॅराडोनाला डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पेलेला आजोबांच्या तोंडून ऐकलं होतं. फिफाची पंचाईत झाली. मग जाणकारांची समिती आणि फिफाच्या मासिकाचे वाचक यांच्या मतांवर दुसरा निवाडा झाला आणि तो पेलेच्या बाजूने लागला. एका पुरस्काराचे दोन पुरस्कार झाले. मॅराडोना आपला पुरस्कार घेऊन समारंभातून निघून गेला, पेले मंचावर यायच्या आत.

फिफाला जे नाइलाजाने करावं लागलं, ते आमच्या रायगडात वर्षानुवर्षं रीतसर चालू आहे. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात भाताची झोडणी आटोपली की कबड्डीच्या स्पर्धा लागतात. गावदेवीच्या नाही तर शाळेच्या मैदानात दिवे उभे राहतात, समालोचक माइकवर घसा साफ करतो, आणि व्यासपीठावरच्या टेबलावर सॅटिनच्या कापडावर चषक मांडले जातात. विजेता, उपविजेता, तिसरा, चौथा. मग वैयक्तिक बक्षिसं : उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड, स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू. आणि कडेला एक चषक असतो, त्यावर लिहिलेलं असतं ‘पब्लिक हिरो’.

हा चषक कुणाला द्यायचा यावर कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही, आणि आमच्याकडे भांडायला तेवढं कारणही पुरतं. पब्लिक हिरो म्हणजे ज्याच्या चढाईला मांडवाच्या मागचे लोक बाकांवर उभे राहतात तो. मांडी ठोकून येणारा, उडी मारून साखळी ओलांडणारा, बाद झाला तरी हसत बाहेर जाणारा. गुण किती केले हा प्रश्न तिथे गैरलागू. तो चषक त्याच्या हातात पडला की सगळे मोकळे होतात, आणि मग सर्वोत्कृष्ट कोण याचा विचार शांत डोक्याने करता येतो. प्रेमाचा चषक वेगळा ठेवला की गुणांच्या चषकावर प्रेमाचं ओझं पडत नाही. मोबाइलवरच्या मतदानात बटण एकच असतं. तिथे लोक पब्लिक हिरोला मत देतात आणि निकाल सर्वोत्कृष्ट म्हणून जाहीर होतो, घोळ सगळा तिथे आहे.

आमच्या गावच्या संघाचा डावा कोपरा सांभाळणारा एक खेळाडू होता. त्याचं नाव लिहीत नाही, तसंही सगळे त्याला ‘डावा’ म्हणूनच ओळखायचे. बुटका, रुंद, मनगटं जाड. चढाईपटू बोनससाठी पुढचा पाय रेषेपलीकडे टाकतो आणि मागचा उचलतो, तो अर्धा क्षण त्याचा तोल एका पायावर असतो. डावा त्या अर्ध्या क्षणासाठी खेळायचा. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या शेजाऱ्याचा हात सोडायचा आणि जमिनीला समांतर होऊन घोटा धरायचा. धरला की सोडायचा नाही. मातीत तोंड जायचं, वरून चार जण पडायचे, आणि पंचांची शिट्टी वाजली की सगळ्यांत शेवटी तो उठायचा, थुंकून माती काढायचा आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहायचा.

एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्याच्या नावावर दोनच पकडी होत्या. दोन म्हणजे काहीच नाही. शेजारच्या गावातून आलेल्या एका पोराने विचारलंही, याचं एवढं नाव ऐकलं ते हेच का? माझ्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते सबंध हंगाम एकही सामना चुकवत नसत. ते म्हणाले, “त्याच्या अंगाला कोण जातंय का बघ.” मग आम्ही बघायला लागलो. खरंच, कोणी जात नव्हतं. समोरचा संघ सगळ्या चढाया उजव्या बाजूला करत होता. अर्धं मैदान त्यांनी आपण होऊन सोडून दिलं होतं. बोनस तर डावीकडे कोणी मागतच नव्हतं. आमच्या उजव्या कोपऱ्याला त्या रात्री भरपूर पकडी मिळाल्या, कारण माल सगळा त्याच्याच दारात येत होता. गुणतक्ता पाहून मत दिलं असतं तर उत्कृष्ट पकडीचा मानकरी उजवा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलेल्या बातमीतही उजव्याचंच नाव होतं.

चाहत्याने मत कशावर द्यावं, याचं माझं उत्तर त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या वाक्यात आहे. आकडे पाहून निवड करायला चाहता लागतोच कशाला? आकडे समितीकडेही असतात, संगणकाकडेही असतात, आणि ते आपल्यापेक्षा नीट बेरीज करतात. खेळाचं तंत्र आपल्यापेक्षा जाणकारांना अधिक कळतं. मग आपल्याकडे असं काय आहे जे त्यांच्याकडे नाही? आपण तिथे होतो. हरलेल्या सामन्यांनाही होतो, पावसाने रखडलेल्या दिवसांनाही होतो. आपलं मत ही साक्ष आहे. साक्षीदाराने जे पाहिलं ते सांगावं, जे कागदपत्रांत आधीच आहे ते पुन्हा वाचून दाखवू नये.

कागदपत्रं काय लपवतात, याचा नमुना म्हणून २ एप्रिल २०११ चा वानखेडेवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. धावफलकात झहीर खानच्या नावापुढे आहे : १० षटकं, ३ निर्धाव, ६० धावा, २ बळी. षटकामागे ६ धावा. ठीक, एवढंच वाटेल. पण ज्यांनी तो सामना सुरुवातीपासून पाहिला त्यांना माहीत आहे की श्रीरामपूरच्या या गड्याची पहिली तिन्ही षटकं निर्धाव होती, आणि पहिल्या ५ षटकांत त्याने फक्त ६ धावा देऊन उपुल थरंगाला बाद केलं होतं. शेवटच्या षटकांत मार बसला आणि तो मार त्या सुरुवातीवर फासला गेला. आता त्या सामन्याची चर्चा निघाली की धोनीच्या नाबाद ९१ की गंभीरच्या ९७, यावर वाद होतो. सामनावीर धोनी ठरला, गंभीरचे चाहते अजून धुसफुसतात. झहीरची पहिली ५ षटकं त्या वादात कुणी काढतच नाही. मी असं म्हणत नाही की मत त्यालाच द्यायला हवं होतं. २७५ धावांचा पाठलाग शेवटी कुणीतरी पुरा करावाच लागतो. पण तो मतपत्रिकेवर तरी असावा.

कसोटीत ही विसरण्याची सोय आणखी वाढते, कारण पाचव्या दिवशी संध्याकाळी मत द्यायचं आणि तिसरा दिवस आठवायचा, हे अवघड काम. जानेवारी २०२१, ब्रिस्बेनचं गॅबा मैदान. ऑस्ट्रेलिया तिथे १९८८ पासून एकही कसोटी हरलं नव्हतं. आपले मुख्य गोलंदाज एकामागून एक जायबंदी. अजिंक्य रहाणेच्या हाताखाली जो संघ उतरला त्यात निम्मे जण नेटमध्ये मदतीला म्हणून थांबवलेले वाटावेत. १९ जानेवारीला ऋषभ पंतने नाबाद ८९ धावा करून सामना जिंकून दिला, ३२८ धावांचं लक्ष्य, ३ गडी राखून. सामनावीर पंत. त्या रात्री देशभर मतदान घेतलं असतं तर पंतला एवढी मतं पडली असती की मोजायची गरज लागली नसती.

पण १७ तारखेला काय झालं होतं? ऑस्ट्रेलियाच्या ३६९ धावांपुढे आपण ६ बाद १८६. अजून तासाभरात आटोपणार, अशी स्थिती. तिथून पालघरच्या शार्दूल ठाकूरने ६७ केल्या आणि सातव्या गड्यासाठी १२३ धावांची भागीदारी झाली. त्याची ती दुसरीच कसोटी होती. पहिल्या कसोटीत त्याने दहा चेंडू टाकले आणि दुखापत होऊन बाहेर गेला होता. गॅबावर त्याने दोन्ही डावांत मिळून ७ बळीही घेतले. माझं मत शार्दूलला.

आता इथे मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, आणि मत देणाऱ्या प्रत्येकाने विचारावा असं वाटतं. हे मत शार्दूलला आहे की पालघरला? विरारच्या पुढे लोकल पकडून, पाठीवर किट घेऊन मुंबईच्या मैदानांवर यायचं, या कथेत आम्हा किनारपट्टीच्या लोकांचा जीव अडकलेला असतो. ते मत तपासायचा साधा उपाय असा की त्या १२३ धावांच्या भागीदारीतला दुसरा कोण, ते आठवून पाहायचं. दुसरा वॉशिंग्टन सुंदर, चेन्नईचा. त्याची तर पहिलीच कसोटी. ६२ धावा, सामन्यात ४ बळी, आणि शेवटच्या दिवशी पंतला साथ देत झटपट २२ धावा. जो माणूस शार्दूलचं नाव घेताना सुंदरचं घेत नाही, त्याच्या मतावर पालघरचा शिक्का आहे असं समजायला हरकत नाही. माझ्या हिशेबात सात बळी चारांपेक्षा जड पडतात, म्हणून मी शार्दूलवर कायम आहे. पण हिशेब करून कायम आहे.

आणि पुजारा? शेवटच्या दिवशी २११ चेंडूंत ५६. हेल्मेटवर, बरगडीवर, बोटावर चेंडू खात तो उभा राहिला. पुजाराचं मोल आकड्यांत न दिसणाऱ्यांत मोडतं असं म्हणतात, पण एव्हाना त्यावर एवढं लिहून झालंय की ते न दिसणारं राहिलेलं नाही. उलट अशा मतातही एक फॅशन असते. सगळे चमकदार खेळाडूला मत देतात म्हणून आपण मुद्दाम सोसणाऱ्याला द्यायचं, आणि स्वतःला जाणकार म्हणवून घ्यायचं. हा दोष मोठ्या नावाला मत देण्यापेक्षा फार वेगळा नाही. पंतची ८९ धावांची खेळी दिसायला चमकदार होती म्हणून ती कमी खरी ठरत नाही. सामना अनिर्णित राखण्याचा सुरक्षित रस्ता समोर असताना तो जिंकायला गेला, हेही डोळ्यांनी पाहिलेलंच आहे.

गंमत म्हणजे त्या मालिकेचा मालिकावीर पॅट कमिन्स ठरला, २१ बळी घेऊन, हरलेल्या संघातला. सगळ्यांत चांगला खेळाडू जिंकलेल्या संघात असतोच असं नाही, हे निवड करणाऱ्यांना मान्य असतं. चाहत्यांना ते कधी मान्य होईल असं मला वाटत नाही, आणि व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही.

सोलकरला कुणी कधी मत दिलं असतं का, याचा मी बरेचदा विचार करतो. एकनाथ सोलकर. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यात मैदानाची निगा राखायचे, पोरगा तिथल्या सामन्यांत धावफलकावरचे आकडे बदलायचा. पुढे हाच पोरगा भारताकडून फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहिला, फलंदाजापासून चार हातांवर, हेल्मेट हा प्रकार यायच्या आधी. २७ कसोटींत ५३ झेल. १९७१ मध्ये ओव्हलवर इंग्लंड १०१ धावांत गारद झालं, आपण तिथली मालिका पहिल्यांदा जिंकलो. चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत. वेंकटराघवनच्या चेंडूवर अॅलन नॉटचा पुढे झेपावून जमिनीलगत घेतलेला झेल फोटोत अजून दिसतो. तो झेल धावफलकात आहे, त्याचं श्रेय कुठे गेलं नाही. पण सोलकर तिथे उभा आहे म्हणून जे फलंदाज पुढे पाय टाकायला कचरले, बॅट-पॅड वाचवायच्या नादात पायचीत झाले, त्यांचा हिशेब कुठे लिहिणार? आकडे बदलणाऱ्या त्या पोरालाही स्वतःच्या या कामासाठी फळ्यावर जागा सापडली नसती. तिथे बसून पाहणाऱ्यांनीच ते सांगायचं.

माझा भाचा पुण्यात असतो आणि मँचेस्टर युनायटेडसाठी शनिवार-रविवारच्या रात्री जागवतो. त्या क्लबात चाहत्यांच्या मतांवर वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडतात, सर मॅट बझ्बी यांच्या नावाचा पुरस्कार आहे तो. बझ्बी त्यांचे जुने, थोर प्रशिक्षक. हा पुरस्कार क्रिस्तियानो रोनाल्डोने चारदा जिंकलाय आणि गोलरक्षक डाव्हिड डे खेआनेही चारदा. २०१४ ते २०१८ या पाच वर्षांत चार वेळा चाहत्यांनी गोलरक्षकाला निवडलं, हे त्या चाहत्यांना शोभणारं आहे. आपल्या संघाबद्दल ते काय सांगत होते, हे मात्र संघमालकांनी ऐकलेलं दिसत नाही. ज्या संघात वर्षानुवर्षं गोलरक्षकच सर्वोत्तम ठरतो, त्याचं बाकी घर गळतंय हे उघड आहे. चाहत्यांच्या मताचा हाही एक उपयोग. ते नुसतं बक्षीस नसतं, तक्रारही असते.

२०२२ च्या मे महिन्यात भाच्याने मतदानाची लिंक पाठवली. “मामा, तुम्ही पण टाका मत. रोनाल्डोलाच टाका.” रोनाल्डो त्या वर्षी बारा वर्षांनी परत आला होता आणि सगळ्या स्पर्धा मिळून २४ गोल केले होते. मी म्हटलं, “तुमचा संघ लीगमध्ये सहावा आला. ५७ गोल केले आणि ५७ खाल्ले. डे खेआ नसता तर किती खाल्ले असते?”

“पण मामा, रोनाल्डो नसता तर केले किती असते?”

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी त्याला अट घातली. मत कुणालाही दे, पण एका ओळीत कारण लिही, आणि त्या ओळीत आकडा नको, एक प्रसंग हवा. त्याला वेळ लागला नाही. टॉटनहॅमविरुद्धची हॅटट्रिक, नॉरिचविरुद्धची हॅटट्रिक, दोन्ही सामने ३-२. एकाच्या जागी दोन प्रसंग. दोन्ही मार्च-एप्रिलमधले, हे मी त्याच्या नजरेला आणून दिलं. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मत देणाऱ्याला आठवतो तो होळीच्या सुमारापासूनचा.

मग त्याने मला विचारलं, तुमचा प्रसंग सांगा. मी सांगितला : सप्टेंबर २०२१, वेस्ट हॅमच्या मैदानावर, २-१ अशी आघाडी, सामना संपता संपता वेस्ट हॅमला पेनल्टी मिळाली. ती मारण्यासाठी म्हणून त्यांनी मार्क नोबलला बाकावरून उठवून मैदानात पाठवलं. पहिलाच स्पर्श, आणि डे खेआने डावीकडे झेपावून चेंडू अडवला. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात विलारेआलच्या अकराच्या अकरा खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध पेनल्टी गोलात घातल्या होत्या, आणि अकरावी स्वतः मारायला जाऊन तो चुकला होता. संघ त्याच्यामुळे करंडक हरला, असं सगळीकडे बोललं जात होतं. ते सगळं पोटात घेऊन तो वेस्ट हॅमला त्या रेषेवर उभा होता. हे कुठल्या तक्त्यात दिसत नाही, पण ज्याने मे महिन्यातला तो सामना पाहिला आणि सप्टेंबरमधलाही, त्याला दिसतं.

भाचा थोडा वेळ गप्प राहिला. तो सामना त्यानेही पाहिला होता, आणि मे उजाडेपर्यंत पार विसरला होता. मला वाटलं, आता मत फिरलं. तेवढ्यात त्याने फोनवर काहीतरी शोधलं.

“मामा, वेस्ट हॅम आधी १-०ने पुढे होतं. बरोबरीचा गोल कुणाचा होता, बघा जरा.”

रोनाल्डोचा होता.

त्याने मत रोनाल्डोला दिलं, मी डे खेआला. त्या वर्षी पुरस्कार रोनाल्डोला मिळाला.